आईच्या हातांच्या मुंग्या: तेल, शेक आणि मनगटाचा पट्टा, नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्यापासून या जूनपर्यंत आईच्या बधिर हातांसाठी घरी काय काय केलं, ते इथे लिहून ठेवते आहे. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहतो. आई ६७ वर्षांची, पूर्ण शाकाहारी, बारा वर्षांपासून मधुमेह. गोळ्यांवर तिचा राग आहे, त्यामुळे "आधी घरचं करून बघू" हा तिचाच आग्रह होता.

मला पहिल्यांदा कळलं ते वातींमुळे. नवरात्राआधी आई घरच्या आणि गल्लीतल्या दोन-तीन घरांच्या वाती वळते. त्या वर्षी वाती सैल, मध्येच फुगलेल्या निघत होत्या. विचारलं तर म्हणाली, "कापूस बोटांना लागतच नाही गं." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्री दोन-अडीचला हात सुन्न होऊन जाग येते, उठून बसून हात झटकावे लागतात, तेव्हा कुठे रक्त फिरल्यासारखं वाटतं. असं पाच-सहा महिने चाललं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या हातून चहाचा कप सुटला, तेव्हा मी मनावर घेतलं.

पहिला महिना तेलाचा. आमच्याकडे तिळाचं तेल, पण शेजारच्या भाभींचा सगळा भरवसा सरसोंवर, म्हणजे मोहरीच्या तेलावर. हा मुरैनाचा पट्टा सरसोंचाच, इथे बाळाच्या मालिशपासून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांपर्यंत तेच चालतं. आम्ही दोन्ही वापरली. सरसोंचं तेल आईच्या कोरड्या कातडीला चुरचुरलं, दोन दिवसांत बंद केलं. मग लाकडी घाण्याचं तिळाचं तेल कोमट करून, आणि पुढे आयुर्वेदिक महानारायण तेल. रोज रात्री दहा मिनिटं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. नऊ महिन्यांनंतरही हे चालू आहे. त्याने बोटांचा आखडलेपणा जातो, हात ऊबदार राहतो, आईला झोप लवकर लागते. पण बधिरपणा तेलाने गेला नाही. सहा आठवडे मन लावून केलं आणि रात्रीचं उठणं एका रात्रीपुरतंही थांबलं नाही. कोणी "नस मोकळी होते" असं सांगून महागडी बाटली गळ्यात मारत असेल, तर माझा अनुभव असा आहे.

शेकाबद्दल मात्र हात जोडून सांगते. तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी बांधायची आणि मुठीत धरायची, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नोव्हेंबरच्या शेवटी थंडी वाढली तशी आई रोज संध्याकाळी घेऊन बसायची. एकदा तिला तळहातावर चटका जाणवला म्हणून तिने पुरचुंडी बोटांकडे सरकवली. तिथे "छान वाटत" होतं. छान वाटत होतं कारण तिथे कळतच नव्हतं. अर्ध्या तासाने तर्जनीवर आणि मधल्या बोटावर फोड. मधुमेहामुळे ती जखम भरायला साडेतीन आठवडे लागले. पुरचुंडी मीच बांधून दिली होती, आणि तो शेंगदाण्याएवढा फोड आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बधिर हाताला शेक द्यायचाच असेल तर दुसऱ्या माणसाने आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावा. आम्ही आता तेवढाही देत नाही, फक्त कोमट पाण्याने हात धुतो.

त्या फोडामुळेच डिसेंबरात डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या ठिकाणी मानेचा एक्स-रे काढून "मणके घासलेत" म्हणून मानेचा पट्टा देऊन पाठवलं. दहा दिवसांत काही फरक नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न तीन वेळा विचारला: "अम्मा, कौन सी उंगली?" आईला नीट सांगता येईना, म्हणून त्यांनी मला घरी एक गोष्ट करायला सांगितली. आईला डोळे मिटायला लावून झाडूच्या काडीने एकेका बोटाला हलकेच टोचायचं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही बोथट. करंगळी अगदी तल्लख. आणि अनामिका? मधल्या बोटाकडची बाजू बधिर, करंगळीकडची बाजू चांगली. एकाच बोटाच्या दोन बाजू वेगळ्या! मी दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा तेच.

डॉक्टर म्हणाले, ही खूण मनगटाची आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. ती नस अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांची. बोगद्यात जागा कमी पडली की नस दबते, आणि मनगट दुमडलं की दाब आणखी वाढतो. म्हणून त्रास रात्री जास्त, कारण आई वर्षानुवर्षं हात गालाखाली दुमडूनच झोपत आली आहे. त्यांनी आईला दोन्ही मनगटं खाली वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना लावून एक मिनिट धरायला सांगितलं. चाळीस सेकंदांतच मुंग्या सुरू. मग नसेची एनसीव्ही तपासणी झाली, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघतात; उजव्या हाताची नस मध्यम दबलेली, डाव्याची थोडी. रक्तात थायरॉईड ठीक, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.१ आणि बी१२ हे जीवनसत्त्व फक्त १४८, म्हणजे कमी. एका आईच्या हातात दोन-तीन कारणं एकत्र नांदत होती, आणि आम्ही वरून तेल चोळत होतो.

आता पट्ट्याबद्दल, कारण या सगळ्यात सर्वांत जास्त गुण त्याचाच आला. मनगट सरळ ठेवणारा, आत धातूची पट्टी असलेला, वेल्क्रोचा पट्टा. ४५० रुपयांना मिळाला. फक्त झोपताना घालायचा. पहिले आठ दिवस उलट त्रास वाढला आणि आई म्हणाली, काढून टाक. फिजिओथेरपिस्ट ताईंना दाखवला तर त्यांनी धातूची पट्टीच बाहेर ओढली. ती वरच्या बाजूला वाकवलेली होती, म्हणजे रात्रभर मनगट मागे ताणलेलं. त्यांनी ती टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सपाट केली आणि परत आत सरकवली. दुकानातून आणलेल्या बऱ्याच पट्ट्यांची पट्टी अशीच वाकलेली येते. आणल्या दिवशीच ती बाहेर काढून बघून घ्या आणि जाणकाराकडून सरळ करून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे वेल्क्रो घट्ट ओढू नये. आपण पट्टा म्हटलं की करकचून बांधतो, त्याने बोगद्यावर बाहेरूनच दाब येतो. खाली एक बोट सहज जायला हवं.

सुरुवातीला दोन्ही हातांना घातले, पण मग आईला रजई ओढता येईना, रात्री उठायची वेळ आली की पंचाईत. मग फक्त उजव्याला ठेवला. जानेवारीत इथे धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी, तेव्हा तो ऊब म्हणून आवडला. एप्रिलनंतर घामाने आतून खाज. जुन्या सुती मोज्याचा पाय कापून खाली घातला, ते जमलं. वेल्क्रोला साडीचे धागे आणि लोकर चिकटून पाच महिन्यांत पकड ढिली झाली. दौलतगंजच्या शिंप्याकडून नवं वेल्क्रो लावून घेतलं.

गुण कधी आला? डॉक्टरांनी किमान सहा आठवडे धीर धरायला सांगितलं होतं. पट्टी सपाट केल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आई म्हणाली, "आज मी उठलेच नाही रात्री." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बी१२ वरून घरात खरा वाद झाला. आईचं म्हणणं, इंजेक्शन म्हणजे नैसर्गिक नव्हे, मी बीट, खजूर, काळ्या मनुका खाईन. मी तिला समजावलं की बी१२ कुठल्याच झाडात तयार होत नाही. ते सूक्ष्म जंतू तयार करतात, गाई-म्हशीच्या पोटातल्या जंतूंकडून ते दुधात येतं, आणि इंजेक्शनातलंही जंतूंकडूनच बनवून घेतलेलं असतं. शिवाय साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ शोषलं जाणं कमी होऊ शकतं. गोळी बंद करायची नाही, बी१२ भरून काढायचं. शेवटी ती तयार झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, आता रोज गोळी. दूध-दही वाढवलं. एक चूक मात्र टळली: घरात आधीपासून असलेल्या "ताकदीच्या" गोळीत आणि नव्या गोळीत, दोन्हींत बी६ होतं. बी६ फार झालं तर त्यानेच नसा बिघडून बधिरपणा येतो. औषधवाल्या दादांनी गोळ्यांचं पाकीट उलटून दाखवलं म्हणून कळलं. एक बंद केली.

हिवाळ्यात गजक हा वेगळाच मुद्दा. मुरैनाची गजक समोर आली की आई म्हणते, तिळाचीच तर आहे. तीळ आहे तसा गूळही आहे. यंदा डबा घरात आणलाच नाही, आणि एप्रिलमध्ये साखर ७.२ वर आली.

हळद-दूध चालू आहे, फरक सांगता येणार नाही. अश्वगंधा चूर्ण दोन महिने दिलं, काही जाणवलं नाही, साखरेच्या गोळ्यांसोबत नको म्हणून थांबवलं. तांब्याचं कडं, काही नाही. एका ओळखीच्यांनी नस बसवणाऱ्याकडे न्यायचा फार आग्रह केला. तो मानेला झटका देतो हे ऐकून मी साफ नाही म्हटलं.

व्यायाम सोपा आहे. मूठ, मग बोटं सरळ, मग मनगट हळू मागे, मग अंगठा बाहेर, मग तळहात वर, आणि शेवटी दुसऱ्या हाताने अंगठ्याला अगदी हलका ताण. पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. मुंग्या येईपर्यंत ताणायचं नाही. आईला "जास्त केलं की जास्त गुण" वाटायचं आणि तिने एकदा वीस-वीस वेळा केलं, चार दिवस हात ठणकला. कपडे पिळणं आणि नारळ खवणं मी तिच्याकडून काढून घेतलं, कणीक मात्र ती सोडत नाही, म्हणून सैल भिजवते. पेपर हातात धरून वाचण्याऐवजी पाटावर पसरून वाचते.

ज्यांच्या घरी असं आहे त्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते. अचानक एकाच बाजूचा हात बधिर पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर ते हे नव्हे. तेल, पट्टा काही न बघता लगेच १०८ ला फोन करा. आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी शेजारी ठेवून बघत राहा. तो खपाटीला जाऊ लागला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, मग शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. आईचा उंचवटा शाबूत आहे, मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बघते.

आजची स्थिती: रात्रीचं उठणं महिन्यातून एखाद्या वेळी. मधलं बोट जवळजवळ पूर्ववत. अंगठ्याचं टोक अजून बोथट, साडीची पिन लावायला मला हाक मारते. ऑगस्टमध्ये पुन्हा एनसीव्ही आहे, त्यानंतर पुढचं ठरेल.

काल चातुर्मासाच्या वाती घेऊन बसली होती. मी वळलेल्या आणि तिने वळलेल्या एकाच तबकात पडल्या होत्या. तिने न बघता एक उचलली, तर्जनीने चाचपली आणि माझ्याकडे टाकली. "ही सैल आहे, परत वळ."