मुंबई मेट्रो ३: आरे ते कफ परेड, भुयारातला पर्याय

33.5 किलोमीटर, 27 स्थानकं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर. ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ही मार्गिका खऱ्या अर्थाने कामाची झाली. भाडं 10 ते 70 रुपये, टोकापासून टोकापर्यंत साधारण तासभर.

रस्ता हवा की रेल्वे, हा हिशेब इथे सोपा आहे. रस्त्याच्या एका लेनमधून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात, बहुतेकींत एकटा चालक. आठ डब्यांच्या एका गाडीत अडीच हजार माणसं मावतात. म्हणजे लेनचा तासाभराचा माल एकाच फेरीत! शिवाय समुद्राकाठच्या नव्या कोस्टल रोडवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी. मेट्रोत मोटार नसलेल्यालाही जागा आहे.

उणिवा जोडणीत आहेत. मरोळ नाक्याला मेट्रो १ (वर्सोवा ते घाटकोपर) उंच पुलावर, ही जमिनीखाली. सरकते जिने चढत बसा, गाडी बदलायला दहा मिनिटं हाताशी ठेवा. दादरचं स्थानक रेल्वे स्थानकाला खेटून नाही, पश्चिमेला गोखले रोडच्या बाजूला आहे. सामान असेल तर चालणं जड जातं. सीएसएमटी आणि चर्चगेटला उतरणं त्यामानाने सोयीचं.

भुयारात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. क्यूआर तिकीट जिना उतरण्याआधी, रस्त्यावरच काढा. नाहीतर गेटसमोर चकरी फिरत राहते आणि मागची रांग खेकसते.

स्वच्छता, गारवा, फलाटावरचे काचेचे दरवाजे: पैकीच्या पैकी.