आडवा लीगल की उभा ए-फोर: प्रिंट सेटिंगसाठी मॅक्रो लिहावा का?

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका आडत दुकानाचा हिशेब मी बघतो. तिथे एकाच एक्सेल तक्त्यातून रोज दोन प्रिंट निघतात. मालकाला हमाली-तोलाईसकट सगळे कॉलम लीगल कागदावर आडवे हवेत. इतवारीत वसुलीला जाणाऱ्या पोराला नाव, नग आणि बाकी एवढंच, ए-फोरवर उभं. दिवाणजी दर वेळी पेज सेटअप उघडून बदलत आणि आठवड्यातून दोनदा तरी वसुलीची यादी लीगलवर निघे. तुमचीही गत अशीच असेल, तर मार्ग तीन आहेत.

पहिला, कस्टम व्ह्यू. हा बहुतेकांना माहीतच नसतो. पान हवं तसं लावा, नको ते कॉलम लपवा, मग व्ह्यू टॅबमधल्या कस्टम व्ह्यूजमध्ये ‘वसुली’ नावाने जतन करा. तसंच ‘मालक’ नावाने दुसरा. पुढे नाव निवडलं की कागद, दिशा, लपलेले कॉलम सगळं जागेवर. कोड नाही, फाइल साधी एक्सएलएसएक्सच राहते, नाव मराठीत चालतं. अडचणी दोन. फाइलमध्ये कुठल्याही शीटवर कंट्रोल-टी दाबून टेबल केलं असेल, तर हा पर्याय फिका पडतो, चालतच नाही. शिवाय प्रिंट एरिया, म्हणजे छापायचा भाग, ठरवून व्ह्यू जतन केला असेल, तर खाली वाढलेल्या ओळी त्यात येत नाहीत. संत्र्याच्या हंगामात तक्ता रोज लांबतो, तेव्हा शेवटचे चार व्यापारी कागदावरून गायब! एरिया न ठरवता ठेवला तर हे टळतं.

दुसरा, मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून ठरलेली कामं आपोआप करून घेणारा छोटा कोड. तो शेवटची भरलेली ओळ स्वतः शोधून तिथवरच एरिया ठरवतो, ही त्याची खरी कमाई. पण तुमच्या क्लिक टिपून कोड लिहिणाऱ्या रेकॉर्डरने बनवलेला मॅक्रो तसाच वापरू नका. तुम्ही फक्त दिशा बदलली तरी तो समास, हेडर, दर्जा अशा डझनावारी ओळी लिहून ठेवतो आणि प्रत्येक ओळ प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारत बसते, म्हणून रेंगाळतो. कामाच्या पाच-सहा ओळी ठेवून बाकी उडवा. एक्सेल २०१० पासून ‘प्रिंट कम्युनिकेशन’, म्हणजे ही प्रिंटरशी चालणारी बोलणी, आधी बंद आणि शेवटी चालू करता येतं, त्यानेही वेग येतो. रुंदी एका पानात बसवायची तर आधी ‘झूम’ फॉल्स करा, नाहीतर ‘फिट टू पेजेस वाइड’ला तो जुमानत नाही.

मराठी हेडरची गंमत वेगळीच. मॅक्रो लिहायच्या, म्हणजे व्हीबीएच्या, खिडकीत देवनागरी पेस्ट केली की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. दुकानाचं नाव एखाद्या सेलमध्ये लिहा आणि मॅक्रोला तिथून उचलायला सांगा. दुकानाच्या नावात ‘अँड’चं चिन्ह असेल तर ते दोनदा टाका, कारण हेडरमध्ये एकट्या चिन्हाचा अर्थ निराळा.

तोटेही मोजा. फाइल एक्सएलएसएम, म्हणजे मॅक्रोवाल्या प्रकारची, करावी लागते. मॅक्रो चालला की कंट्रोल-झेडने आधीचं काही परत येत नाही. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये तो चालतच नाही. २०२२ पासून मेलवरून उतरवलेल्या फाइलचे मॅक्रो एक्सेल आपणहून अडवतं. मी घरून फाइल पाठवली तेव्हा दिवाणजींचा फोन आलाच: “साहेब, हे लाल पट्टी काऊन येऊन राहिली जी?” फाइल बंद करून, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करायला सांगितली, तेव्हा गेली.

तिसरा मार्ग एक्सेलऐवजी लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी, पेज स्टाइल, म्हणजे नाव देऊन जतन केलेली पानाची मांडणी. ‘मालक’ आणि ‘वसुली’ अशा दोन स्टाइल करा, एफ-११ दाबून डबलक्लिकने लावा. एक स्टाइल बारा शीटना लावली असेल तर समास एकदाच बदलायचा. कॉलम मात्र ती लपवत नाही. फाइल ओडीएसमध्येच, म्हणजे लिबरऑफिसच्या स्वतःच्या प्रकारातच, ठेवा.

माझं मत विचाराल तर टेबल नसेल आणि छापणारे तुम्हीच असाल तर कस्टम व्ह्यू पुरे. आमच्या दुकानात टेबल मोडायला मालक तयार नव्हते, म्हणून मॅक्रो लिहिला आणि शीटवर दोन बटणं दिली. बटणावर थेट प्रिंट लावली नाही, प्रीव्ह्यू लावला. आणि निवडलेला प्रिंटर लीगल घेत नसेल, तर कागद बदलण्याच्या ओळीवरच मॅक्रो त्रुटी देऊन थांबतो. ती ओळ लिहिण्याआधी प्रिंटर तपासा, मी नंतर तपासला होता.