साडेअकरा किलोचं ब्रॉन्झ

पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर ४ बाय ३ फुटांचं नंदीचं म्युरल लागलं. तोंडी सांगितलं होतं ‘अस्सल ब्रॉन्झ’. भाव २ लाख ६० हजार, त्यातले ७० टक्के आगाऊ. बसवायला एकच मुलगा आला. शिडीवर उभं राहून त्याने ते खांद्याने रेटून धरलं, प्लास्टिकच्या गिट्ट्यांत चार स्क्रू आवळले आणि चहा न घेताच गेला. खरं तर सगळं तिथेच उघडं पडलं होतं, पण घरच्यांचं लक्ष नंदीच्या घंटेवर.

चौदा महिन्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची नळी कोपऱ्याला लागली आणि नखाएवढा टवका उडाला. आत मळकट पांढरा थर, त्यातून केसांसारखे बाहेर आलेले काचेचे धागे. म्हणजे एफआरपी, काचेच्या धाग्यांनी मजबूत केलेलं प्लास्टिक, आपल्या बोलीत फायबर. वर जेमतेम अर्धा मिलिमीटर सोनेरी-तपकिरी साय.

ही साय कशी येते ते कळलं की खेळ कळतो. साच्यात पहिला हात जेलकोटचा, म्हणजे रेझिनच्या (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाच्या) दर्शनी थराचा मारतात आणि त्यात ब्रॉन्झची खरी पावडर भरपूर कालवतात. त्यामागे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन. हार्डनरमुळे माल रातोरात घट्ट होतो. साच्यातून काढून स्टील वूलने घासला की पावडरचे कण उघडे पडून चकाकतात. खोलगट जागी हिरवट अॅक्रिलिक रंग पुसला की ‘जुना गंज’ तयार.

म्हणूनच विक्रेता ज्या परीक्षा स्वतःहून करून दाखवतो, त्यांत हा माल हमखास पास होतो. लोहचुंबक लावून दाखवतात, ‘बघा, चिकटत नाही.’ चुंबक ब्रॉन्झला चिकटत नाही तसा फायबरलाही चिकटत नाही. त्यातून फार तर लोखंड नाही एवढं कळतं. नखाने किंवा किल्लीने ओरखडा काढून चमक दाखवतात. ती चमक पावडरची. धातू तपासायच्या मशीनचा कागद दाखवतात. ते मशीन पृष्ठभागापुरतंच वाचतं, आणि पृष्ठभागावर तांबं-कथील असतंच. या घरी तर हातात चार इंची नमुना ठेवला होता, तो खरोखर ओतीव ब्रॉन्झचा. जड, गार, कडेला कापल्याची खूण. नमुना खरा होता, म्युरल नव्हतं.

खोटं न बोलणारी गोष्ट म्हणजे वजन. ब्रॉन्झ लिटरला सुमारे ८.८ किलो भरतं, पितळ ८.५, फायबर दीडच्या आसपास. सोपा ठोकताळा असा: ४ मिलिमीटर जाडीचं ब्रॉन्झ चौरस फुटाला सव्वातीन किलो. १२ चौरस फुटांचे ३९ किलो झाले, नंदीच्या उठावामुळे पृष्ठभाग वाढतो तो धरला तर पन्नासच्या घरात. हे म्युरल उतरवून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं तर भरलं साडेअकरा किलो, त्यातही मागच्या प्लायचे चारएक किलो. काट्यावरच्या माणसाने बोटाने टकटक केली आणि म्हणाला, ‘हे आम्ही घेत नाही.’

त्याची टकटक बरोबर होती. नाण्याने ठोकलं तर पातळ ओतीव धातू थोडा तरी घुमतो, फायबर ठक्क करून गप्प बसतं. तळहात अर्धा मिनिट टेकवा. धातू हाताची ऊब ओढत राहतो, फायबर लगेच कोमट लागतं. आणखी पक्कं हवं तर इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर घ्या, दोन टोकांमध्ये वीज वाहिली की तो बीप देतो. मागच्या बाजूला फूटभर अंतरावर दोन ठिकाणी मेण किंवा लॅकर खरवडून टोकं टेकवा. सलग धातू असेल तर बीप येईल. पावडरच्या कणांना रेझिनने वेढलेलं असतं, तिथे सहसा येत नाही. फक्त फायबरवर तांब्याचा मुलामा चढवलेला माल ही परीक्षा पास होतो, म्हणून वजनाला पर्याय नाही.

पाठीला प्लाय ठोकून वर मखमल चिकटवली होती, ‘भिंतीची ओल लागू नये म्हणून’. पाठ झाकलेली वस्तू घेऊच नये. ओतीव कामाच्या पाठीवर वेल्डिंगचे सांधे, कापलेल्या नळ्यांचे ठसे, साच्याच्या मातीचा अंश दिसतो. फायबरच्या पाठीवर मॅटची जाळी आणि रेझिनचे ओघळ.

दिवस मोजले असते तरी कळलं असतं. माल पंधरा दिवसांत आला होता. ब्रॉन्झला आधी शाडूचं काम, मग रबरचा साचा, मेणाची प्रत, तिला नळ्या जोडणं, सिरॅमिकचं कवच, मेण वितळवणं, ११०० अंशांच्या वर तापलेला रस ओतणं, मग कवच फोडणं, जोडणं, घासणं, पॅटिना म्हणजे धातूवर रसायनांनी रंग चढवणं. या आकाराला दीड-दोन महिने सहज जातात.

फायबर वाईट नसतं. हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर किंवा जिप्समच्या पार्टिशनवर तेच शहाणपणाचं, कारण पन्नास किलोला भिंतीत अँकर फास्टनर आणि मागे लोखंडी फ्रेम लागते. फक्त ते फायबरच्या भावात आणि फायबर म्हणून घ्यावं.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं ‘ब्रॉन्झ फिनिश वॉल म्युरल’. ‘फिनिश’, ‘लूक’, ‘टोन’, ‘इफेक्ट’ यातला कुठलाही शब्द दिसला की थांबा. त्याजागी मिश्रधातू लिहून घ्या, उदाहरणार्थ ८८ टक्के तांबं, १० कथील, २ जस्त. किमान जाडी आणि अपेक्षित वजन लिहून घ्या, दहा टक्के कमी-जास्त चालेल असं ठरवा. पैसे टप्प्याने द्या: मातीचं काम पसंत पडल्यावर, मेणाची प्रत पाहिल्यावर, आणि मोठा हप्ता पॅटिना चढायच्या आधी, कच्चा धातू फाउंड्रीत डोळ्यांनी बघून, काट्यावर ठेवून. इंटिरिअर डिझायनर मध्ये असेल तर बिल कोणाच्या नावाचं येणार ते आधीच विचारा. या घरी डिझायनरने कारागिराकडे बोट दाखवलं, कारागिराने डिझायनरकडे.

असं झालंच तर वस्तू रागाने फोडू नका. उडालेला टवका पाकिटात ठेवा, काट्यावरचं वजन आकड्यासकट फोटोत घ्या, स्क्रू आणि गिट्ट्यांचाही फोटो घ्या. ‘अस्सल ब्रॉन्झ’ म्हणणारे व्हॉट्सअॅप मेसेज एक्स्पोर्ट करून ठेवा. बिलावर ‘फिनिश’ असेल तर तोंडी दाव्याचा पुरावा तेवढाच उरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही.