नवा सेल्फ, जुनाच रंगवलेला

माझी जिप्सी १९९८ची. गोव्यात वाळपईपासून आमच्या कुळागरापर्यंतचा, म्हणजे पोफळीच्या बागेपर्यंतचा, शेवटचा तुकडा पावसात नुसता तांबडा चिखल असतो, म्हणून ती अजून विकली नाही. श्रावणात एका सकाळी चावी फिरवली तर फक्त 'टक'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. हॉर्न खणखणीत, हेडलाईट लख्ख. पाच-सहा वेळा करून बॉनेट उघडलं तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल चांगलीच गरम! इंजिन फिरलंच नव्हतं, मग केबल तापली कशाने? हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

धक्का मारून गाडी चालू केली आणि हमरस्त्यावरच्या पहिल्या गॅरेजात घातली. त्याने व्होल्ट मोजायचा मीटर काढलाच नाही. सेल्फवर, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरवर, पान्याने दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "पात्रांव, आर्मेचर जळलंय." म्हणजे मोटरच्या आतली फिरणारी गुंडाळी. "नवाच घाला." सेल्फचे साडेआठ हजार, मजुरी बाराशे. बिल मागितलं तर "जीएसटी चढेल", जुना सेल्फ मागितला तर "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला". चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायचं राहिलेलं. मुकाट्याने पैसे मोजले. गाडी एका चावीत लागली आणि मीही खूश.

अकराव्या दिवशी चोर्ला घाट उतरून केरीला चहाला थांबलो. निघताना 'टक'.

या वेळी मावसभावाने साखळीहून त्याच्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन आणला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग त्याने मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि मला म्हणाला, "आता मार सेल्फ." आकडा ३.८. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं. सेल्फ शंभर-एक अँपिअर ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला तरी १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. दिव्यांची अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतायची जोडणी, बॉडीवर, वेगळी, म्हणून ते लख्ख. आणि सेल्फचा करंट परतीची वाट शोधत बिचाऱ्या केबलमधून जात होता.

त्याने जंपर केबलने निगेटिव्ह थेट इंजिनाला जोडलं. गाडी लगेच लागली.

खाली वाकून बघितलं तर अर्थची विणलेली पट्टी हिरवी पडलेली, चार-दोन तारा शिल्लक. आमच्याकडची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरं काय होणार! ती पट्टी सेल्फच्याच बोल्टवर होती. सेल्फ काढताना तो बोल्ट सुटला आणि पुन्हा आवळला गेला, त्यावर अकरा दिवस निघाले. नवी पट्टी अडीचशे रुपयांची.

मला राहवेना, सेल्फ खाली उतरवायला लावला. चंदेरी रंग नखाने खरवडला तर आत सेंटर पंचचे (खूण करायच्या टोकदार खिळ्याचे) दोन ठिपके. २०१९ साली माझ्या जुन्या सेल्फचा बुश (आतल्या दांड्याला आधार देणारी कडी) बदलताना म्हापशाच्या कारागिराने माझ्यासमोर मारलेले.

तेव्हा कुणी ठोकून निदान करू लागला तर आधी हे मीटरचं माप घ्यायला लावा, आणि जुना भाग गाडीत ठेवल्याशिवाय पाकिटाला हात घालू नका.

गॅरेजवाल्यापुढे ते ठिपके धरले. "पोराकडून चूक झाली, भाई," म्हणाला आणि चार हजार काढून दिले. उरलेले चवथीचा खर्च निपटल्यावर देतो म्हणाला होता. त्यानंतर दोन चवथी होऊन गेल्या.