शाळेसाठी तयार ‘किचन गार्डन किट’: पिशव्या ठेवा, बाकीचं बदला

ऑनलाइन मिळणारी बहुतेक किट एकाच साच्यातली असतात. बारा बाय बारा इंची सहा ग्रो बॅग, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ६५० ग्रॅमच्या दोन विटा, दोन किलो गांडूळखत, बियांची सात-आठ पाकिटं, प्लॅस्टिकचं खुरपं आणि एक स्प्रेची बाटली. शाळेसाठी घेणार असाल तर आधी हिशेब करा. एक वीट तीन लिटर पाण्यात भिजवली की फुगून आठ-नऊ लिटर होते. एका बॅगेला मात्र वीसेक लिटर मिश्रण लागतं. म्हणजे दोन्ही विटा आणि सगळं खत ओतलं तरी एकच बॅग भरते! जाहिरातीतल्या सहा काठोकाठ बॅगा कशाने भरल्या, ते विकणाराच जाणे.

बॅगा तेवढ्या चांगल्या असतात, पण एचडीपीई या चिवट प्लॅस्टिकच्या विणलेल्या कापडाच्या असतील तरच. साध्या काळ्या प्लॅस्टिकच्या एका हंगामातच उसवतात. भरायला दोन भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा वाळू घ्या. शेण कच्चं असेल तर कुजताना तापतं, कोवळी मुळं जळतात आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येते. वरून दोन इंच जागा मोकळी सोडा. बॅग थेट फरशीवर ठेवली की तळाची भोकं बुजतात, म्हणून खाली बांधकामाच्या दोन विटा टेकवा. शाळेतली रोपं पाण्यावाचून क्वचितच जातात. मधल्या सुट्टीत प्रत्येक वर्ग येऊन पाणी घालतो, मुळं सडतात आणि रोपं बुडाशी कोलमडतात. एका दिवशी एकाच गटाने पाणी द्यायचं, तेही बोट दोन पेरं खुपसून आत कोरडं लागलं तरच. स्प्रेची बाटली निरुपयोगी. साधी झारी आणा.

सगळ्यात कच्चा भाग बियांचा. पाकिटात गाजर, फ्लॉवर अशी थंडीची पिकं असतात आणि शाळा उघडते जूनमध्ये. बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते लहान मुलांच्या हाती देऊच नका. त्यापेक्षा किराणा दुकानातली मेथी, धणे आणि मोहरी आणा. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडायला येते. धणे रगडून दोन फाकी करून पेरा. फोडणीची मोहरी म्हणजे बी, हे पोरांना तिथे कळतं. उगवण होईपर्यंत वर जाळी टाका, नाहीतर कबुतरं कोंब ठेवत नाहीत.

एकच पीक निवडायचं तर आम्ही भुईमूग सांगू, आणि नेमका तोच किटमध्ये नसतो. कच्चे, लाल साल शाबूत असलेले दाणे चार-पाच सेंटिमीटर खोल, एका बॅगेत तीन. महिन्याभरात पिवळी फुलं येतात. फूल सुकलं की त्याच्या बुडातून आऱ्या, म्हणजे बारीक देठ, सुटतात, खाली वाकून मातीत शिरतात आणि शेंग आत भरते. शेंगा मुळांना लागतात, असं समजणारी मोठी माणसंही काही कमी नाहीत. आऱ्या दिसल्यावर भुसभुशीत मातीची भर द्या आणि खुरपणी थांबवा. नुसती काळी माती असेल तर ती सुकून कडक होते, आऱ्या आत जात नाहीत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी, काढणी होते.

यातून शाळेच्या पोषण आहार योजनेची भाजी निघेल, अशी आशा मात्र धरू नका. केंद्राने २०१९ मध्ये शालेय परसबागांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या हे खरं, पण योजनेच्या मापाने प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी लागते. चाळीस मुलांना दोन किलो. एका बॅगेतून मेथीची फार तर एक जुडी निघते. भाजी ताटात वाढायची असेल तर जमिनीत वाफे करा, बॅगा शिकवण्यापुरत्याच.

तेव्हा पूर्ण किट घेण्यापेक्षा सुट्या बॅगा, झारी आणि लोखंडी खुरपी कृषी सेवा केंद्रातून आणा. किट आधीच घेतलं असेल, तर विटा भिजवून मिश्रणात मिसळा आणि थंडीच्या भाज्यांची पाकिटं दिवाळीनंतरसाठी ठेवा. ती उघडण्याआधी मागची मुदत पाहा. मेच्या सुट्टीआधी बॅगा रिकाम्या करून सावलीत घडी घाला, उन्हात त्यांचे धागे ठिसूळ होतात.