शहापुरातलं एक वाचनालय आणि त्यातलं 'महिला विभाग' कपाट

आधीच सांगते, नाव लिहिणार नाही, उद्या परत पुस्तक बदलायला मला तिथंच जायचंय. शहापूरला एक जुनं वाचनालय आहे, खाली गाळे, वर लाकडी जिना, एवढं सांगितलं तरी बेळगावच्या माणसाला कळतंय.

डिपॉझिट ३०० रुपये, महिन्याला ५०, एका वेळी दोन पुस्तकं. दिवाळी अंकांचे पैसे वेगळे. बोर्डावर टाइम ४ ते ८ लिहिलंय खरं तुम्ही साडेचारच्या आधी जाऊ नका, किल्ली ज्या काकांकडं असते ते जेवून जरा आडवे होतात. सोमवारी बंद. पंखा एकच, तो पेपर वाचणाऱ्यांच्या टेबलावर. पुस्तकांना खाकी कव्हर, वर पांढऱ्या रंगानं नंबर, आणि जुनी पुस्तकं पण नीट शिवून ठेवलेली, त्याला मात्र पूर्ण मार्क.

आता मेंबर होतानाची गोष्ट. काका फॉर्म घेऊन बसले, म्हणाले, "वयनी, मिस्टरांचं नाव सांगा की ओ." मी सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि पॅड बंद केलं. म्हणलं माझं? तर म्हणाले, "अवो पुस्तक हरवलं तर वसुली कुणाकडनं करायची?" झालं, कार्ड ह्यांच्या नावावर. आमच्या ह्यांनी गेल्या पंधरा वर्षांत राशिभविष्य सोडून काही वाचलेलं नाही, आणि पगार माझा पण येतो. १८२४ ला दत्तकाच्या हक्कावरनं कंपनी सरकारशी लढलेल्या राणी चन्नम्माच्या पुतळ्याला रोज वळसा घालून माझी बस येते, आणि मी त्या काकांसमोर गप्प बसले. असो.

खरी मजा पुढंच आहे. आत गेल्यावर डाव्या हाताला काचेचं हिरवं लोखंडी कपाट, त्यावर पट्टी, 'महिला विभाग'. काकांनी लांबूनच बोट केलं, "तुमचं ते." मी म्हणलं बघू तरी आपलं काय काय आहे. वरच्या कप्प्यात पाककृती, लोणची-पापड, मायक्रोवेव्हचं एक. त्याच्या खाली व्रतं, पोथ्या, गुरुवारची महालक्ष्मी सात प्रती. मग विणकाम, रांगोळी, बाळाची नावं, केस गळतीवर घरगुती उपाय. आणि खालचे दोन कप्पे जाडजूड कादंबऱ्या, ज्यात बाई एक तर वाड्यात रडते नाहीतर शहरात जाऊन बिघडते. पाककृतीला माझा विरोध नाही हं, त्यातल्याच एका पुस्तकातलं कैरीचं लोणचं माझ्याकडं दोन वर्षं टिकलंय. खरं हे सगळं 'महिला' आणि उरलेलं अख्खं वाचनालय कुणाचं मग, सहकाराचा इतिहास, प्रवासवर्णनं, राजकारण, ते काय पुरुष विभाग? तशी पट्टी तर कुठं दिसली नाही.

त्या कादंबऱ्यांतली एक घरी आणली. नाव सोडा. नवरा भर पंगतीत बायकोला थोबाडीत मारतो, ती रात्रभर रडते, पहाटे उठून त्याच्या पायावर डोकं ठेवते आणि त्याचा राग जातो, दीड पान सगळं पाय आणि आसवं. आणि बाजूच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीनं, एकदम वळणदार बाईच्या अक्षरात, कुणीतरी लिहिलंय, 'पंगतीला वाढायचं राहिलेलं कोणी वाढलं?' मी बसल्या जागी मोठ्यानं हसले. सासूबाई विचारायल्या काय झालं. लेखकानं दीड पान रडवलं आणि ह्या बाईनं एका ओळीत विचारलं की मार खाल्ला तरी भात कुणी वाढला ते सांग. त्या पुस्तकात अशा अकरा ठिकाणी पेन्सिल आहे, मी मोजल्या. पुढं नायिका विधवा होते तिथं फक्त 'खोटं' एवढाच शब्द.

माझं माहेर निपाणीचं, आजी तंबाखूच्या वखारीत होती. अंगाला, साडीला, भाकरीला पण तो वास. तिथल्या कामगार बायकांनी संघटना बांधली, संप केले, त्यावर १९८२ ला 'तंबाखू चाकिला ऊब आली' नावाची फिल्म पण निघाली. त्या दोन कप्प्यांत मला वखारीतली एक बाई सापडली नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेतली जोगतीण, म्हणजे देवीला सोडलेली बाई, एका कादंबरीत सापडली, ती पण सुंदर, दुःखी आणि शेवटी मेलेली. बायकांना देवाला सोडून देवदासी करण्याला बंदी करणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा आहे, जिवंत राहून पेन्शनच्या अर्जासाठी ऑफिसात हेलपाटे घालणारी जोगतीण कुणाच्या कादंबरीत येणार कुणास ठाऊक.

मग एक दिवस काका जेवून आडवे झाले होते आणि त्यांचा पुतण्या बसलेला, तेव्हा मी स्टूल ओढून भिंतीकडच्या रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीला हात घातला. पट्टी 'संकीर्ण'. तिथं कोण निघालं म्हणाल तर कमल देसाई! निपाणीकडं जाताना हायवेवर यमकनमर्डी लागतं ना, तिथं जन्मलेल्या बाई. 'काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई' धूळ खात पडलेलं. नावावरनंच काकांनी संकीर्णात टाकलं असणार, हॅट घालणारी बाई म्हणजे महिला विभागात बसत नाही.

तिच्या शेजारी ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री पुरुष तुलना'. बुलढाण्याच्या बाई, पुस्तक १८८२ चं. सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढं ती शिक्षा कमी झाली, खरं पेपरवाल्यांनी त्यावरनं समस्त बायकांनाच झोडपायला घेतलं, त्याचा राग येऊन लिहिलेलं. पुरुषांनी लिहिलेल्या कथा-नाटकांतल्या बायकांची पण तिनं खरडपट्टी काढलीय, बायको मेली की तुम्ही दुसरी करता आणि नवरा मेला की आम्हीच पापी कशा, असं सरळ विचारते. लोक ते विसरून गेले, १९७५ ला स. गं. माळश्यांनी परत छापून आणलं. वाचनालयातल्या प्रतीच्या मागच्या चिठ्ठीवर दोनच शिक्के होते, १९९१ आणि २००८. तिसरा माझा. पेन्सिलवाली आणि ही बाई एकमेकींच्या शेजारी राहत असाव्यात असं वाटतं, सूर तोच, फक्त एकीनं पुस्तक छापलं आणि एकीनं मार्जिन वापरलं.

इंदिरा संतांचा मात्र फोटो आहे. काउंटरच्या वर, हार घातलेला. आपल्या बेळगावच्या म्हणून काका अभिमानानं सांगतात, "पती गेल्याचं दुःख ओ, सगळी कविता त्यातनं आली." बरं. पती गेले १९४६ ला. त्यानंतर त्यांनी मुलं वाढवली, ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं, प्राचार्य झाल्या, 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी मिळाली १९८४ ला. एवढं सगळं करून फोटोखाली सांगायचं काय तर दुःख. मी विचारलं काका 'गर्भरेशीम' द्या की. शोधलं, रजिस्टर बघितलं, नाही. फोटो आहे, पुस्तक नाही. मागवतो म्हणालेत, त्याला चार महिने झाले.

तरी पण जा, मी पाचपैकी साडेतीन देते. काका मनाचे वाईट नाहीत, पाऊस असला की दंड माफ करतात, आणि ताराबाई परत करायला गेले तेव्हा मी कार्डाचं परत काढलं. म्हणाले सिस्टीममध्ये बदलता येत नाही. म्हणलं काका, वहीच आहे की, सिस्टीम कुठली? दोन मिनटं वही बघत बसले, मग कानडीत आयतु आयतु, म्हणजे झालं झालं, म्हणत ह्यांच्या नावावर रेघ मारली आणि माझं लिहिलं. स्पेलिंग चुकलंय, ते राहू दे.

नव्यानं मेंबर होणाऱ्या बायकांनी आधारची झेरॉक्स स्वतःची न्यावी, मिस्टरांचं विचारायच्या आधी पुढं करावी. स्टूल जिन्याखाली असतं, एक पाय हलतो, भिंतीला टेकवून चढा. आणि ती पंगतीची कादंबरी मी मागच्या आठवड्यात परत बघितली, पेन्सिलीच्या ओळीखाली आता दुसऱ्या कुणीतरी निळ्या पेननं लिहिलंय, 'तिनंच.' काका लई चिडलेत, पानाला ५ रुपये दंड लावणार म्हणतात. पेन्सिलच न्या, पुसता येते.