महाबळेश्वरचे ‘बारा पॉइंट’: गाडीत बसण्याआधी हे वाचा

महाबळेश्वरला एसटीतून उतरलं की माणसं लगेच गोळा होतात. हातात लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर आर्थर सीट, एल्फिन्स्टन, केट्स पॉइंट, लिंगमळा आणि बॉम्बे पॉइंटच्या सूर्यास्ताचे फोटो. “बारा पॉइंट, एक दिवस, अडीच हजार.” त्यातल्याच एकाने फेब्रुवारीत आम्हाला फसवलं. माझ्याबरोबर आई आणि आत्या होत्या, दोघीही सत्तरीच्या पुढच्या. त्याची पद्धत सविस्तर लिहिते आहे, कारण ती कुणावरही चालेल अशी आहे.

आम्ही सांगलीचे. आईचं सगळं आयुष्य कृष्णाकाठी गेलं. आयर्विन पुलावरून रोजची ये-जा, २००५ आणि २०१९ च्या पुरात घरात शिरलेलं पाणी, सगळं याच नदीचं. ती उगम पावते ते क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर एकदा बघायचं, एवढंच आईच्या मनात होतं. कार्डावर ते पहिल्याच ओळीत होतं. मी खात्री करून घेतली. “मावशी, आधी दर्शनच करू,” असं तो म्हणाला आणि अर्धे पैसे घेतले.

गाडी निघाली ती पाचगणी रस्त्याने, मंदिराच्या रस्त्याने नाहीच. आधी केट्स पॉइंट. जागा सुंदरच आहे, खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. तिथून जवळच चालत इको पॉइंट आणि नीडल होल. परत गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “तीन झाले.” एकदाच गाडी थांबली आणि तीन पॉइंट संपले! आर्थर सीटलाही असंच होतं. टायगर स्प्रिंग, विंडो पॉइंट, माल्कम पॉइंट हे सगळे एकाच पायवाटेवर आहेत. त्यामुळे ‘बारा’ या आकड्याला काही अर्थ नाही. गाडी किती ठिकाणी थांबणार आणि कुठल्या रस्त्याने जाणार, हे विचारायला हवं.

मग दुकानं सुरू झाली. स्ट्रॉबेरीची बाग, चपलांचं दुकान, मध आणि चॉकलेटचं दुकान. प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास. मधाच्या दुकानात शिरताना दाराशी बसलेला मुलगा आमच्या गाडीचा नंबर वहीत लिहून घेत होता. आमच्या खरेदीवर ड्रायव्हरला काय मिळणार, याची ती नोंद. बाहेर पडल्यावर डिझेलच्या नावाखाली त्याने उरलेले पैसेही मागून घेतले.

दुपारी तीन वाजता मी मंदिराचं विचारलं. “ताई, आंबेनळी घाटात दरड आलीय, आर्थर सीटचा रोड बंद हाय. मंदिर पण त्याच रोडला.” ही थाप नीट समजून घ्या, कारण ती अर्धी खरी वाटते. आंबेनळी घाटात दरडी कोसळतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, २०२१ च्या जुलैत तर तो रस्ता जागोजागी खचला होता. पण तो घाट पोलादपूरकडे उतरतो, प्रतापगडाला जायला लागतो. क्षेत्र महाबळेश्वर आणि पुढे आर्थर सीट हा रस्ता पूर्ण वेगळा आहे. तिथल्याच एका चहाच्या गाडीवरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “सकाळपासनं गाड्या चालूच हायत की.” मग त्याने भाषा बदलली. तो पट्टा वेगळा, बाराशे जादा पडतील. मी नाही म्हटलं.

वेण्णा तलावापाशी त्याने आम्हाला उतरवलं आणि पार्किंग शोधतो म्हणून गेला. परत आलाच नाही. फोन बंद. सूर्यास्त राहिला, मंदिर राहिलं. आत्याचे गुडघे दुखत होते आणि अंधारात रिक्षा शोधत आम्ही रस्त्यावर उभ्या होतो. याचा मला अजूनही संताप येतो. पैसे गेले त्यापेक्षा, म्हाताऱ्या बायकांना असं सोडून जाणं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी स्टँडवर गेलो. तिथे दरफलक लावलेला आहे. कुठल्या फेरीत कुठली ठिकाणं येतात आणि भाडं किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. तिथून गाडी केली. पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली आईने ओंजळ धरली आणि बराच वेळ ती तिथून हलली नाही.

एक गोष्ट आम्हाला नंतर फोटोत दिसली. आदल्या दिवशीच्या गाडीची नंबरप्लेट पांढरी होती, म्हणजे ती खासगी गाडी. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात. खासगी गाडीने भाड्याचे प्रवासी नेले तर अपघातात विम्याची भरपाईही अडू शकते. घाटातल्या रस्त्यांवर ही किरकोळ बाब नाही. तेव्हा बसण्याआधी प्लेटचा फोटो काढा, ठिकाणांची नावं क्रमाने कागदावर लिहून घ्या आणि निम्म्याहून जास्त पैसे फेरी संपेपर्यंत देऊ नका. रस्ता बंद असल्याचं सांगितलं तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. कुणी अडवून ठेवलं किंवा सोडून गेलं तर ११२ वर फोन करा. पैशांची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. आम्ही गाडीचा नंबर आणि फोटो जोडून पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे.